पाट्या रंगवणाऱ्याचा मुलगा आणि २५ हजार डॉलरचा चेहरा

कापडाच्या धंद्यात ज्यांची हयात गेली त्यांना स्क्रीन म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. एक चौकट, तिच्यावर ताणून बसवलेले जाळीचे कापड, त्यावर उतरवलेली नक्षी आणि रबरी पट्टीने ओढलेला रंग. एका रंगाला एक स्क्रीन, चार रंगांना चार. टेबलावर कापड पसरायचे आणि चौकट उचलत-ठेवत पुढे सरकायचे. एखादा रंग सुतभर सरकला की माल सेकंडमध्ये जातो आणि गिऱ्हाईक भाव पाडते.

याच साधनाने १९७७ साली अमेरिकेत एका मुष्टियोद्ध्याचे चित्र तयार झाले. चित्रकाराचे नाव अँडी वॉरहॉल आणि मुष्टियोद्ध्याचे नाव मुहम्मद अली. चित्राचा आकार चाळीस इंच बाय चाळीस इंच. त्यांपैकी चार कॅनव्हासचा एक गट २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ९२ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. तिथेही खाली कापडच होते. जाळी होती, रबरी पट्टी होती, आणि रंगही थोडाफार सरकलेला होता. मग आमच्या टेबलावरून उतरणारा माल मीटरच्या भावाने का जातो आणि तो माल लाखांनी का मोजला जातो, हा प्रश्न मला व्यापारी म्हणून पडला. त्याचा शोध घेताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. माणसाची तस्वीर काढावी की नाही, घरात लावावी की नाही, हा मसला उलमांचा आहे. या पानाचा तो विषय नाही. आपल्याला इथे हुनर, नाव आणि मोबदला यांचा हिशेब पाहायचा आहे.

ब्रश हातात असलेला बाप

मुहम्मद अली यांचा जन्म १७ जानेवारी १९४२ रोजी केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात झाला. तेव्हाचे नाव कॅशियस मार्सेलस क्ले. वडिलांचे नावही तेच. वडिलांचा धंदा दुकानांच्या पाट्या आणि जाहिरातीचे फलक रंगवण्याचा. चर्चच्या भिंतींवरही ते चित्रे काढीत. आई गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक आणि साफसफाईची कामे करी. शहरात शाळा, हॉटेले, थिएटरे काळ्या-गोऱ्यांसाठी वेगळी होती. अशा ठिकाणी काळ्या माणसाच्या ब्रशला पाटीपलीकडचे काम मिळणे सोपे नव्हते.

पाट्या रंगवणाऱ्याचे नशीब आपल्याकडे वेगळे नाही. पाटीवर दुकानदाराचे नाव हातभर उंच असते. रंगवणाऱ्याचे नाव असलेच तर कोपऱ्यात नखाएवढे.

मुलगा बारा वर्षांचा असताना, १९५४ मध्ये, त्याची सायकल चोरीला गेली. चोर सापडला तर त्याला बदडून काढतो, असे तो पोलिसाला म्हणाला. ज्यो मार्टिन नावाचा तो पोलीस मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असे. आधी लढायला शिक, असे त्याने सांगितले. तिथून सुरुवात झाली. १९६० मध्ये रोमच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळाले. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी येथे सोनी लिस्टनला हरवून बावीस वर्षांचा हा तरुण हेवीवेटचा जगज्जेता झाला.

चित्रकारही मजुराघरचा

वॉरहॉल यांची कहाणीही कष्टकरी घरातूनच सुरू होते. त्यांचे आईवडील आजच्या स्लोव्हाकियातील एका डोंगराळ खेड्यातून पोट भरण्यासाठी अमेरिकेत आले. १९२८ मध्ये पिट्सबर्ग या पोलाद कारखान्यांच्या शहरात अँडीचा जन्म झाला. बाप मजुरी करी आणि मुलगा तेरा वर्षांचा असताना वारला. आई, ज्युलिया, डब्यांच्या पत्र्याची फुले बनवून दारोदार विकत असे. भरतकामही करी.

१९४९ मध्ये शिक्षण संपवून अँडी न्यूयॉर्कला गेले आणि जाहिरातींची चित्रे काढू लागले. चपला-बुटांच्या जाहिरातींसाठी त्यांना विशेष मागणी होती. आमच्या धंद्याच्या लोकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. त्या काळात त्यांनी कापडासाठीही नक्षी केल्या. आइस्क्रीम, फुलपाखरे, फळे, बूट अशा नक्षींचे छापील कापड तयार झाले, त्याचे फ्रॉक शिवले गेले, बाजारात विकले गेले. कापडावर चित्रकाराचे नाव सहसा नव्हते. पुढे अभ्यासकांनी एकेक तुकडा शोधून ओळख पटवली आणि २०२३ मध्ये लंडनच्या फॅशन अँड टेक्स्टाइल म्युझियममध्ये त्यांचे प्रदर्शन भरले. म्हणजे ज्या हाताचे चित्र पुढे लाखांना गेले त्याच हाताची नक्षी एके काळी वाराच्या भावाने, बिननावाची विकली गेली होती. फरक हुनरात पडला नव्हता.

जाळीतून आलेली कला

१९६२ मध्ये वॉरहॉल यांनी सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रे लॉस एंजेलिसमध्ये मांडली. ती हाताने रंगवलेली होती. त्याच वर्षी त्यांनी फोटो स्क्रीनवर उतरवून कॅनव्हासवर छापण्याची पद्धत धरली आणि पुढे आयुष्यभर सोडली नाही. सिनेनटी मेरिलिन मन्रो यांची चित्रे अशीच झाली. त्यांतले १९६४ चे एक चित्र २०२२ मध्ये १९.५ कोटी डॉलरना विकले गेले.

पद्धत आमच्या कारागिरांना लगेच समजेल. फोटो मोठा करून पारदर्शक फिल्मवर घ्यायचा. त्याच्या आधाराने कॅनव्हासवर बाह्यरेषा काढायच्या. चेहरा, केस, पार्श्वभूमी यांना सपाट रंग भरायचे. मग स्क्रीन ठेवून वरून काळी छपाई करायची. छपाई रंगाच्या हद्दीशी तंतोतंत जुळलीच पाहिजे असा आग्रह नव्हता. आपण ज्याला रजिस्टर चुकले म्हणतो त्यातच वॉरहॉल यांना गंमत वाटे. बाजारात रोज दिसणारी वस्तू आणि रोज दिसणारा चेहरा छापखान्याच्या रीतीने दाखवायचा, म्हणजे हे युग कशावर चालते ते लोकांना दिसेल, असा त्यांच्या कामाचा अर्थ लावला जातो.

त्यांचा व्यापारी हिशेबही पक्का होता. सत्तरच्या दशकात पैसे घेऊन चित्र काढून देणे हा त्यांचा मुख्य धंदा झाला. चाळीस इंची एका कॅनव्हासचा भाव २५ हजार डॉलर. त्याच चेहऱ्याचा दुसरा कॅनव्हास हवा असेल तर १५ हजार. पहिल्या थानाला एक दर आणि जास्त माल उचलला तर सवलत, हे आपण करतो तेच.

डियर लेकचा दिवस

मुहम्मद अलींचे चित्र काढण्याची कल्पना वॉरहॉल यांची नव्हती. रिचर्ड वाइझमन नावाचे त्यांचे एक श्रीमंत मित्र होते. त्यांना खेळाचाही शौक आणि चित्रे जमवण्याचाही. हे दोन वर्ग एकमेकांकडे बघतही नाहीत, त्यांना एकत्र आणावे, असे त्यांना वाटले. म्हणून १९७७ मध्ये त्यांनी दहा खेळाडूंच्या चित्रांचे काम वॉरहॉल यांना दिले. फुटबॉलचे पेले, टेनिसच्या ख्रिस एव्हर्ट, गोल्फचे जॅक निकलॉस, बास्केटबॉलचे करीम अब्दुल जब्बार हे त्यांत होते. वॉरहॉल यांना खेळातले फारसे कळत नव्हते. पण पूर्वी सिनेनटांना जो मान होता तो आता खेळाडूंकडे आला आहे, हे त्यांनी ओळखले होते.

ऑगस्ट १९७७ मध्ये वॉरहॉल पेनसिल्व्हेनियातील डियर लेक येथे गेले. अलींनी तिथे डोंगरावर सरावाचा तळ उभारला होता. लाकडी ओंडक्यांच्या खोल्या, व्यायामाची जागा, स्वयंपाकघर आणि एक छोटी मशीदही. आवारात मोठमोठ्या शिळा मांडलेल्या होत्या. त्यांवर जुन्या नामवंत मुष्टियोद्ध्यांची नावे रंगवलेली होती. ती नावे अलींच्या वडिलांनी स्वतः रंगवली होती.

मला या सगळ्या प्रकरणात हा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. एकाच आवारात बापाच्या हाताची अक्षरे दगडावर होती आणि मुलाच्या चेहऱ्यासाठी न्यूयॉर्कहून चित्रकार आला होता.

वॉरहॉल यांच्या हातात बिग शॉट नावाचा साधा पोलरॉइड कॅमेरा होता. प्लास्टिकचा, जवळून चेहरा टिपण्यासाठी बनवलेला. दुसऱ्याचा फोटो न वापरता स्वतःच काढण्यामागे धंद्याचे कारणही होते. १९६४ मध्ये त्यांनी एका मासिकातला फुलांचा फोटो घेऊन चित्रे केली होती. फोटो काढणाऱ्या बाईंनी दावा लावला आणि वॉरहॉल यांना समेट करावा लागला. आपण ज्या चेहऱ्यावर धंदा करणार त्याचा फोटोही आपलाच असावा, हा धडा त्यातून मिळाला.

अली त्या वेळी पस्तीस वर्षांचे होते आणि २९ सप्टेंबरला अर्नी शेव्हर्सशी होणाऱ्या लढतीची तयारी करीत होते. बोलणे हा त्यांचा स्वभावच. फोटो काढत असतानाही ते बोलतच राहिले. शेवटी वॉरहॉल यांनी दबक्या आवाजात विचारले की, न बोलता काही फोटो काढता येतील का. जगज्जेत्याला गप्प बसायला सांगणारा माणूस पाहून खोलीतले लोक अवाक झाले, अशी त्या भेटीची हकिकत सोबत गेलेल्या लेखकाने लिहून ठेवली आहे. मग अलींनी मुठी वर धरल्या आणि हवे तसे फोटो मिळाले.

एका चित्राला २५ हजार डॉलर मिळतात हे ऐकून अली थक्क झाले. काही वर्षांपूर्वी लुईव्हिलच्या या काळ्या पोराला दीड हजार डॉलरची मोटारसायकल घेता येत नव्हती आणि आता गोरे लोक माझ्या तसबिरीला पंचवीस हजार देणार, अशा आशयाचे ते बोलले. लोकांना त्यात बढाई दिसते. पण पाट्या रंगवणाऱ्या कारागिराच्या घरात वाढलेल्या मुलाला एका रंगवलेल्या फळीचे काय मिळते हे चांगले ठाऊक असणार. मला तरी त्या बोलण्यात हिशेब ऐकू येतो.

चित्रात काय दिसते

चित्रात अली उघड्या अंगाने आहेत. हातमोजे नाहीत, पट्टा नाही, रिंग नाही, प्रतिस्पर्धी नाही. दोन्ही मुठी छातीवर, हनुवटीजवळ आलेल्या आणि नजर स्थिर. रंग सपाट, वरून काळी छपाई. १९७८ मध्ये याच फोटोंवरून कागदावर चार छापांचा संचही निघाला. त्याच्या दीडशे प्रती काढल्या. त्यांतल्या एका छापात चेहरा नाहीच, नुसती मूठ आहे.

आता यामागची हकिकत आठवावी लागते, नाहीतर ही नुसती सुंदर माणसाची तसबीर वाटेल.

१९६४ च्या विजयानंतर दुसऱ्याच दिवशी या तरुणाने आपण नेशन ऑफ इस्लाममध्ये असल्याचे उघड सांगितले. मार्चमध्ये त्याला मुहम्मद अली हे नाव मिळाले. त्या संघटनेची शिकवण आणि आम मुसलमानांचा अकीदा यांत मोठा फरक होता. अलींनी १९७२ मध्ये हज केला आणि १९७५ नंतर ते सुन्नी मार्गाकडे वळले. पण नाव घेतले ते कायमचे. जुने नाव गुलामीच्या काळाचे आहे, ते मी निवडलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कित्येक अमेरिकन वृत्तपत्रे पुढे अनेक वर्षे जुनेच नाव छापीत राहिली. १९६७ मध्ये अर्नी टेरेल या प्रतिस्पर्ध्यानेही नवे नाव घ्यायला नकार दिला. तेव्हा अली लढत चालू असताना ठोसे मारत त्याला आपले नाव विचारत राहिले.

त्याच वर्षी २८ एप्रिलला ह्यूस्टन येथे त्यांनी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. व्हिएतनामच्या युद्धात आपण जाणार नाही, आपला धर्म परवानगी देत नाही, असे ते म्हणाले. किताब गेला, परवाने गेले. पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपिलामुळे तुरुंगात जावे लागले नाही, पण उमेदीची साडेतीन वर्षे रिंगबाहेर गेली. धंदेवाल्या माणसाला याचा अर्थ कळेल. भर सीझनमध्ये दुकानाला कुलूप. १९६८ मध्ये एस्क्वायर मासिकाने मुखपृष्ठावर त्यांना अंगात बाण रुतलेल्या ख्रिस्ती संताच्या रूपात दाखवले. हे आपल्या धर्मात बसते का, असा अलींनाच प्रश्न पडला. आपल्या धर्मगुरूंना फोनवर विचारून परवानगी मिळाल्यावरच ते उभे राहिले. शेवटी २८ जून १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. १९७४ मध्ये झाईर देशातील किन्शासा येथे जॉर्ज फोरमनला हरवून त्यांनी किताब परत मिळवला.

वॉरहॉल यांच्या स्क्रीनमधून उतरला तो हा चेहरा. दहा वर्षांपूर्वी जे नाव छापायला वृत्तपत्रे तयार नव्हती तेच आता चित्राचे शीर्षक झाले आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेले. जाळी कोणाचाही चेहरा उतरवते. किंमत चढली ती चेहऱ्यामागच्या नकारामुळे आणि नुकसानीमुळे.

आणखी एक गोष्ट. २००२ मध्ये हॉलिवूडच्या फुटपाथवर नामवंतांच्या नावाचे तारे बसवतात तसा अलींचाही तारा मंजूर झाला. अलींनी अट घातली की, माझे नाव हजरत मुहम्मद (स.) यांचे आहे, त्यावर कोणाचा पाय पडता कामा नये. म्हणून त्यांचा तारा थिएटरच्या भिंतीवर बसवला गेला. तिथल्या हजारो ताऱ्यांत भिंतीवर असलेला तोच. चेहरा त्यांनी बाजारात जाऊ दिला. नावाला मात्र पायाखाली जाऊ दिले नाही.

भावाचा हिशेब

चित्र झाल्यानंतर सहा महिन्यांत, फेब्रुवारी १९७८ मध्ये, अली लिऑन स्पिंक्सकडून हरले. सप्टेंबरमध्ये जिंकले, पण शरीर थकत चालले होते. १९८४ मध्ये पार्किन्सनचा आजार असल्याचे निदान झाले. वॉरहॉल १९८७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर वारले. अली ३ जून २०१६ रोजी अल्लाहला प्यारे झाले. चित्र मात्र महाग होत गेले. २००९ मध्ये वाइझमन यांच्या लॉस एंजेलिसच्या घरातून हा खेळाडूंचा संच चोरीला गेला, तेव्हा तपासासाठी दहा लाख डॉलरचे इनाम लावले होते.

अलींनाही आपल्या नावाची किंमत कळली होती. २००६ मध्ये त्यांनी आपल्या नावाच्या आणि चेहऱ्याच्या व्यापारी हक्कांतला ८० टक्के हिस्सा एका कंपनीला पाच कोटी डॉलरना विकला आणि २० टक्के स्वतःकडे ठेवला. आपल्याकडे टी-शर्टवर अलींचा चेहरा बिनधास्त छापणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर मोठा निकाल दिला. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी काढलेल्या प्रिन्स या गायकाच्या फोटोवरून वॉरहॉल यांनी चित्रे केली होती. २०१६ मध्ये त्यांतले एक चित्र मासिकाला वापरायला देऊन वॉरहॉल यांच्या संस्थेने दहा हजार डॉलर घेतले. बाईंना काही मिळाले नाही. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी बाईंच्या बाजूने कौल दिला. चित्रकार कितीही मोठा असला तरी मूळ हाताचा हक्क संपत नाही, असा त्यातून व्यापाऱ्याने बोध घ्यावा.

आणि अलींनी स्वतः काढलेली चित्रे? बापाचा ब्रश मुलाच्याही हातात होता. २०२१ मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या चित्रांचा लिलाव झाला. १९७८ च्या एका साध्या, व्यंगचित्रासारख्या चित्राला ४ लाख २५ हजार डॉलर मिळाले.

आता आपला हिशेब

हे सारे वाचताना मला माझाच एक जुना व्यवहार आठवत राहिला. तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही.

मी धंद्यात नवा होतो तेव्हा आमच्याकडे एक उस्ताद ट्रेसिंग आणि स्क्रीन दोन्ही करून देत. तरुणपणी ते दुकानांच्या पाट्या रंगवीत, तिथून कापडाकडे वळले. त्यांनी मला चार रंगांची एक कैरीची नक्षी करून दिली. ठरलेली मजुरी मी दिली, एक पैसा बुडवला नाही. नक्षी चालली. एक सीझन नाही, सहा वर्षे चालली. दुसऱ्या वर्षी उस्ताद दुकानात आले आणि म्हणाले, "सेठ, जादा काही नको. थानाच्या काठावर तुमचे नाव छापता त्याच्या बाजूला माझी एक छोटी निशाणी टाका. कोणी विचारले तर काम तरी येईल." मी हसलो. काठावर मालकाचे नाव असते, कारागिराचे नसते, असे म्हणालो आणि चहा मागवला. त्यांनी चहा घेतला आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आज ते हयात नाहीत. त्यांच्या मुलाने स्क्रीनचे काम धरले नाही, तो रिक्षा चालवतो. बापाचा हुनर त्याच्या हातात होता, मी तो पाहिला आहे. पण ज्या कामात नाव नाही आणि वाढ नाही त्यात मुलाने का राहावे? कारागीर मिळत नाहीत अशी तक्रार आम्ही व्यापारी रोज करतो. माझ्यापुरते त्याचे उत्तर त्या चहाच्या कपात आहे.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. कापडावरची नक्षी डिझाइन्स अॅक्ट २००० खाली नोंदवता येते. दहा वर्षांचे संरक्षण मिळते आणि ते पुढे पाच वर्षे वाढवता येते. मात्र माल बाजारात दाखवण्यापूर्वी अर्ज केला पाहिजे. नोंदणी केली नाही आणि त्या नक्षीचा माल यंत्रावर पन्नासपेक्षा जास्त नग निघाला, तर कॉपीराइटचाही आधार उरत नाही. नक्षी चोरली गेली म्हणून छाती पिटण्यापूर्वी हे पाहावे. दुसरी बाजू अशी की, पैसे देऊन नक्षी करून घेतली असेल तर मालक सहसा पैसे देणारा ठरतो, कारागीर नव्हे. कायदा इथे आमच्या बाजूने उभा आहे. म्हणून कारागिराचा वाटा ठरवणे आमच्या नियतीवर राहते.

माझ्या बांधवांना तीन गोष्टी सुचवतो. नक्षी करून घेताना साध्या कागदावर का होईना, मजुरी, मुदत आणि नक्षी चालली तर पुढच्या सीझनला काय द्यायचे ते लिहून दोघांनी सह्या कराव्यात. नमुन्याच्या कार्डावर आणि काठावर नक्षी करणाऱ्याची निशाणी टाकावी. त्याला छपाईचा वेगळा खर्च येत नाही, त्याच स्क्रीनमध्ये ती बसते. आणि कारागीर बांधवांनी आपल्या प्रत्येक नक्षीचा एक तुकडा तारखेसह जपून ठेवावा.

मी स्वतः दोन वर्षांपासून नमुन्याच्या कार्डावर नक्षी करणाऱ्याचे नाव लिहितो. गिऱ्हाईक दुसरीकडे पळेल अशी भीती होती. एकही गेले नाही. उलट एका गिऱ्हाइकाने त्याच हाताची आणखी नक्षी मागितली. उस्तादांची ती कैरी पुढच्या सीझनला पुन्हा टेबलावर घ्यायची आहे. जुने स्क्रीन फाटले आहेत, नवे करावे लागतील. या वेळी काठावर त्यांची निशाणी असेल आणि मीटरमागे ठरलेला हिस्सा त्यांच्या घरी जाईल. मुलाला भेटून तसे सांगितले. तो काही बोलला नाही. रिक्षाच्या मागच्या फळीवर बापाने रंगवलेले त्याचे नाव मात्र त्याने मला दाखवले.